पोरगं माझ्यावर गेलं

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, रात्री उशिरा

प्रिय पक्या,

दिवाळीपासून तुझे तीन मेसेज आले आणि तिन्हींना मी नुसता अंगठा दाखवला. आधी शिव्या घालून घे. झालं? आता वाच. फोन केला असता, पण वर्षा पलीकडच्या खोलीत ऐकते, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तुझ्याआधी वहिनी वाचतात. तब्येत बरी आहे. साखर काठावर, गोळी अजून नाही.

काल ईशानच्या कब स्काउटची गाड्यांची शर्यत होती. पाइनवुड डर्बी म्हणतात. आपला बेअरिंगचा गाडा आठव आणि तो वीतभर कर. किटमध्ये पाइनचा सात इंची ठोकळा, चार प्लास्टिकची चाकं आणि चार खिळे. खिळे हेच आस. इंजिन नाही, सेल नाही. उतारावरून सोडायची, पुढे सपाट, तीन-साडेतीन सेकंदांत खेळ खलास. वजन पाच औंस, म्हणजे जेमतेम १४२ ग्रॅम, त्यावर कणभर चालत नाही. १९५३ साली कॅलिफोर्नियात डॉन मर्फी नावाच्या एका बापाने हे काढलं, कारण त्याचं पोरगं सोपबॉक्स डर्बीला वयाने लहान पडत होतं. सोपबॉक्स म्हणजे आपला गाडाच रे, फक्त त्यांच्याकडे ब्रेक असतो. आपल्याकडे तुझा गुडघा होता. (आणि दोर मी कापला नव्हता. झिजला होता. शेवटचं सांगतोय.)

गाडी मुलाने करायची, बापाने मदत करायची, असा रिवाज. ईशानने खरंच केली. मगर काढून दिली, मी करवतीने कापली, त्याने आठवडाभर घासली, हिरवी रंगवली. चाकं चार दिशांना तोंड करून. शुक्रवारी रात्री तो झोपला आणि मी 'जरा बघू' म्हणून गराजमध्ये गेलो.

पक्या, दोन वाजले. खिळ्यांच्या डोक्याखाली बर होती, म्हणजे धातूची उरलेली खरखरीत कड. बर दिसल्यावर कुपवाडच्या शेडमध्ये वाढलेल्या माणसाने काय करायचं, तूच सांग! ड्रिलमध्ये खिळा धरला, आधी कानस, मग पॉलिश पेपर, चारशे नंबर, आठशे, दोन हजार. आरसा केला नुसता. मग ग्राफाइटची पूड. मग भोकं नव्याने सरळ पाडली. टंगस्टनची वजनं मागच्या आसाच्या इंचभर पुढे बसवली, कारण वजन मागे असलं की ते उतारावर जास्त उंचीवरून खाली येतं. पुढचं डावं चाक केसभर उचललं, म्हणजे गाडी तीनच चाकांवर पळते, चौथं फिरवण्यात जोर वाया जात नाही. अण्णांनी पाठीवर थाप मारली असती. मग कानफटात.

पोराचं त्यात काय उरलं? रंग. आणि मगरीचे डोळे.

सकाळी ईशानने गाडी हातात घेतली, एक चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं. माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही.

हॉलमध्ये तोबा गर्दी. वर्षा, जन्माची शाकाहारी, हॉटडॉगच्या टेबलावर. त्यांच्या काट्यावर आमची गाडी थोडी जड निघाली, तर पोटाला ड्रिल मारून भुसा काढला. मुक्ताची गाडी भावंडांच्या शर्यतीत होती, तिचं चाक वाटेत निखळलं आणि गाडीच्या आधी पोहोचलं. ती अजून स्वतःला पहिली समजते. ईशान प्रत्येक लेनवर एकेकदा पळाला आणि सगळ्यांत मिळून दुसरा आला. पहिल्याचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागांत.

मग एका बाईंनी जिंकलेल्या तिघांपुढे माइक धरला. गाडी कशी केली? पहिला पोरगा म्हणाला, डॅडने केली. लोक हसले. आमचे चिरंजीव शांतपणे म्हणाले, "मी खिळ्यांची बर काढली, दोन हजारच्या पेपरपर्यंत घासले, वजन मागे ठेवलं." मी त्याला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं! गराजमधल्या पेपरांच्या पाठी वाचून आला होता. टाळ्या पडल्या. घरी येताना मागच्या सीटवरून विचारतो, "बाबा, मी बरोबर सांगितलं ना?"

राग नाही, रुसवा नाही. माझं काम केलं, तपासून घ्या, असा आवाज.

आठवीतलं कोयनेचं मॉडेल आठवलं. टर्बाइन तू लेथवर काढलास, पाती तू वळवलीस, आणि परीक्षकांपुढे मी बोललो, कारण माझी जीभ चांगली. 'आम्ही' नाही म्हणालो रे, 'मी' म्हणालो. तू शेजारी बादली धरून उभा. दिवाळीपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस आणि मी वर्गात सांगत फिरलो की पक्या जळतो.

वर्षाला अर्धंच सांगितलं. ती म्हणते, सगळेच बाप करतात. खरंय, हॉलमधल्या निम्म्या बापांची बोटं ग्राफाइटने काळी होती. बापांची वेगळी शर्यतसुद्धा ठेवतात इथे, तिच्यात उतरलो असतो तर? ढाल परत करावी म्हटलं, तर सगळ्यांपुढे खोटा तो पडणार, मी नाही. नाही करावी, तर ती त्याच्या टेबलावर आहे, आणि तो तिच्याकडे बघतही नाही. की बघतो, मी नसताना? दोन रात्री हेच चाललंय.

बरं, सीएनसी मशीनचं कर्ज झालं का? सईची दहावी कधीपासून? अण्णांच्या दुसऱ्या गुडघ्याचं काय ठरलं? लिही सगळं.

जूनमध्ये येतोय. ईशानला आठ दिवस तुझ्या शेडमध्ये सोडणार आहे, बेअरिंगं जपून ठेव. आणि कोयनेचं त्याला तू सांग, मी नसताना. मी सांगायला बसलो तर तेही छानच सांगेन.

तुझा,
बंड्या