किल्ल्यातल्या बंगल्यावरून आल्यावर

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्री

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नेहमी घाईत असतोस, आणि माझंही "जेवलास का, झोपलास का" याच्यापुढे गाडं जात नाही. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. बाबा म्हणाले, व्हॉट्सॲपवर लिही. पण अंगठ्यानं एवढं लिहायचं म्हणजे माझी पहाट होईल, आणि मला तुझ्याशी निवांत बोलायचं आहे.

सकाळी आम्ही दोघं किल्ल्यात जाऊन आलो. तू चौथीत असताना तुला तिथली कमल बस्ती, ते जुनं जैन मंदिर, दाखवायला नेलं होतं, आठवतं? ती १२०४ सालची. छतातल्या दगडी कमळाला बहात्तर पाकळ्या आहेत असं सांगितलं, तर तू मान वर करकरून मोजत बसलास आणि दुसऱ्या दिवशी मान धरली म्हणून शाळा बुडवलीस. त्याच किल्ल्यात एक जुना सरकारी बंगला आहे. बसस्टँडावर उतरलं की खंदक समोर दिसतो, इतका तो जवळ. तरी लग्न होऊन या गावात आल्यापासून मी त्या बंगल्यात पाऊल टाकलं नव्हतं. तुझी वनखात्याची ऑर्डर आली त्या दिवसापासून बाबा म्हणत होते, "तुला त्या बंगल्यात एकदा न्यायचंय." खातं तुझं आणि नेणार मला! त्यांच्या मनात काय होतं ते आज कळलं.

तो बंगला तुझ्याच खात्यातल्या माणसाचा. म्हणजे मालकीचा नव्हे, राहायला मिळालेला. १८९२ साली हरिपद मित्र नावाचे बंगाली गृहस्थ इथे उपविभागीय वन अधिकारी होते, ते या बंगल्यात राहायचे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे नऊ दिवस राहिले. पुढे कर्नाटक सरकारनं ही वास्तू रामकृष्ण मिशनच्या हवाली केली. आता तिथे आश्रम आहे, बाजूला मोठं मंदिर उभं राहिलंय आणि हा जुना बंगला स्मारक म्हणून जपला आहे.

चपला बाहेर काढून आत गेले. बाहेर ऊन तापलं होतं आणि आत फरशीचा गारवा तळपायातून वर चढला. अशा ठिकाणी आपण आपोआप हळू बोलायला लागतो. बाबा फोटो आणि माहिती एकेक करून वाचत गेले, आणि मी एका भिंतीला टेकून बसून राहिले. मला सारखं एकच वाटत होतं की हे कुणाचं तरी घर होतं. इथे सकाळी चूल पेटत असेल, कुणी अंघोळीला पाणी काढून ठेवत असेल, साहेबांच्या फायली कुठल्यातरी टेबलावर पडलेल्या असतील. बदली झाली की सामान बांधायचं आणि पुढच्या साहेबाला किल्ल्या द्यायच्या. किती अधिकारी तिथे राहून गेले असतील देव जाणे. त्यातल्या एकाचंच नाव राहिलं.

घरी आल्यावर बाबांनी कपाटातून हरिपदबाबूंच्या आठवणी काढून दिल्या. दुपारची झोप सोडून वाचल्या. त्यातलं तुला सांगायचंय.

स्वामीजी कोल्हापूरहून आले ते आधी थेट किल्ल्यात गेलेच नव्हते. कोल्हापूरच्या दरबारातले खासगी कारभारी गोळवलकर, त्यांची चिठ्ठी घेऊन ते सकाळी सहाच्या सुमाराला भाटे वकिलांच्या दारात उभे राहिले. भाट्यांचं घर आपल्या रिसालदार गल्लीतलं, आपण बाजाराला जातो तिथलंच. तिथे ते तीन दिवस होते. वकिलांचा मुलगा पुढे प्राध्यापक झाला, त्यानंही या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्यात. जेवण झाल्यावर संन्याशानं पान-सुपारी मागितली आणि पाठोपाठ तंबाखू! घरातली माणसं चपापली. शाकाहारी की मांसाहारी असं विचारलं, तर म्हणाले, आम्ही परमहंस पंथातले, पुढ्यात येईल ते खायचं, नाही आलं तर उपाशी राहायचं. त्या घरातल्या बायकांचं काय झालं असेल याचा मी विचार करत बसले. पाहुणा काय खातो हे कळेपर्यंत स्वयंपाकघराला चैन नसतं रे.

तो मुलगा तेव्हा अष्टाध्यायी पाठ करत होता. वडिलांनी म्हणून दाखवायला सांगितलं, तर दोनचार ठिकाणी चुकला, आणि स्वामीजींनी हसत हसत त्याच्या चुका दुरुस्त केल्या. पोरगा ओशाळला. त्या गल्लीतल्या एका घरात, ओसरीवर म्हण की माजघरात म्हण, हे घडलंय हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

आता खरी गोष्ट. १८ ऑक्टोबरला, दिवेलागण होऊन गेल्यावर, वकील त्यांना घेऊन हरिपदबाबूंकडे आले. एक विद्वान बंगाली संन्यासी तुम्हाला भेटायला आणलाय, म्हणाले. हरिपदबाबूंनी काय पाहिलं ते त्यांनी बारकाईनं लिहिलंय. दाढी केलेला चेहरा, डोळ्यांत तेज, अंगावर भगवी कफनी, डोक्याला भगवा फेटा आणि पायांत आपल्या मराठी वहाणा. त्या वहाणांपाशी मी थांबले. बंगालमधून निघालेला माणूस, पायी आणि रेल्वेनं अर्धा देश हिंडून आपल्याकडे आला तो आपल्याच वहाणा घालून.

हरिपदबाबूंचा संन्याशांवर विश्वास नव्हता, भगवी वस्त्रं घालणारा तो लबाडच असं त्यांचं मत. त्यांनी मनात धरलं की हा काहीतरी मागायला आलाय. नाहीतर मराठी माणसाच्या घरी याचं जमत नसेल, म्हणून बंगाली घर शोधत आला असेल. तरी ओळख झाल्यावर ते म्हणाले, माझ्याकडे राहायला या. यावर स्वामीजींनी काय सांगितलं ते वाचून मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. ते म्हणाले की मी वकिलांकडे सुखात आहे. बंगाली माणूस दिसला म्हणून त्यांचं घर सोडून निघालो तर त्यांच्या मनाला लागेल, सगळे इतक्या मायेनं वागवतात मला. तेव्हा विचार करून नंतर सांगतो.

अनिकेत, मागच्या रविवारचा तुझा फोन मला तिथल्या तिथे आठवला. तू म्हणालास, "आई, इथे कोप्पळात मराठी ऐकायलाच मिळत नाही. खानापूरचा एक मुलगा भेटलाय, गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतोय, मी त्याच्याकडे जातो." मी "बघ, तुझी सोय बघ" म्हणाले. त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. पण त्याआधी दोन महिने तूच सांगत होतास ना, घरमालकीणबाई रात्री तू यायच्या आत दिवा लावून ठेवतात, "ऊट आयता?", जेवण झालं का, असं विचारल्याशिवाय तुला वर जाऊ देत नाहीत, ताप आला तेव्हा त्याच अज्जींनी ज्वारीची गंजी करून दिली. मराठीतला एक शब्द त्यांना येत नाही, आणि तुझं कन्नड ते बेळगावचं, त्यांना ते कळायलाही कष्टच पडत असतील.

तुला वाटेल, आईला काय कळतं याचं. मला कळतं. एका कचेरीत मी मराठीत भरलेला फॉर्म खिडकीतल्या माणसानं माझ्यासमोर बाहेर ढकलला होता. तू कडेवर होतास, पाठीमागे रांग होती. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, आणि त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना म्हटलं होतं की आपण गडहिंग्लजला जाऊ, माझ्या माहेरी, तिथे कुणी असं करणार नाही. तो राग मी अजून विसरलेले नाही आणि तो खोटा होता असं तुला सांगणारही नाही. पण त्याच आठवड्यात तुझे कान फुटले, बाबा टूरवर होते, आणि रात्री अकरा वाजता तुला पदराखाली घेऊन रिक्षात माझ्या शेजारी बसली ती पलीकडच्या घरातली कन्नड मावशी. दवाखान्यात डॉक्टरांना तीच सगळं सांगत होती आणि मधेच माझ्याकडे वळून मोडक्या मराठीत म्हणत होती, "घाबरू नको बाळ, घाबरू नको." मी एकविसाची. मला आई तिथे भेटली. नंतर ते घर विकून ती हुबळीला लेकाकडे गेली तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते.

खानापूरच्या मुलाशी दोस्ती ठेव, रविवारी त्याच्याकडे जा, दोघं मिळून मराठीत भरपूर बोला. आपली भाषा जिभेवर राहायला हवी, त्यात दुमत नाही. पण अज्जींचं घर सोडायचं कारण एवढंच असेल तर पुन्हा एकदा विचार कर.

पुढे काय झालं तेही सांगते. स्वामीजी दुसऱ्या दिवशी सकाळी फराळाला येतो म्हणाले होते. हरिपदबाबू वाट बघत बसले, उशीर होत गेला, शेवटी स्वतःच वकिलांकडे निघाले. बघतात तर वकील, पंडित आणि गावातली मोठी मंडळी गोळा झालेली, प्रश्नांवर प्रश्न चाललेले, आणि स्वामीजी कुणाला इंग्रजीत, कुणाला संस्कृतात, कुणाला हिंदीत उत्तर देतायत. त्यांनी हरिपदबाबूंची क्षमा मागितली. एवढ्या माणसांना दुखवून कसा येऊ, म्हणाले. मग हरिपदबाबूंनी वकिलांचं मन वळवलं तेव्हाच ते किल्ल्यात राहायला गेले. सामान काय, तर एक कमंडलू आणि भगव्या फडक्यात बांधलेलं एक पुस्तक.

त्या नऊ दिवसांत हरिपदबाबूंचं मत पार बदललं. त्यांची बायको इंदुमतीबाई, तिला कित्येक वर्षं गुरू करायचा होता. नवरा म्हणायचा, ज्याला मीही मान देऊ शकेन असा कुणीतरी कर. शेवटी दोघांनीही स्वामीजींकडून दीक्षा घेतली. त्या बाईबद्दल आणखी वाचायला मिळालं असतं तर मला फार आवडलं असतं. परक्या मुलखात, घरी अखंड माणसांची ये-जा, आणि तिच्या मनासारखं झालं ते असं, आपल्या गावात.

आणि बाबांनी ज्या पानावर खूण घालून ठेवली होती ते पान तुझ्यासाठीच. हरिपदबाबू साहेबांवर चिडायचे. वरिष्ठ काही बोलले की दिवसभर धुमसत, नोकरी म्हणजे गुलामी असं घोकत बसायचे. स्वामीजींनी त्यांना विचारलं की पैशांसाठी ही चाकरी तुम्हीच धरली, पगारही वेळेवर मिळतो, मग बंधन, बंधन म्हणून मनाला रोज का जाळता? कुणी बांधून ठेवलेलं नाही, वाटलं तर राजीनामा द्या. साहेबाला नावं ठेवत बसू नका. बाबा हे वाचून मला म्हणाले, "मी तीस वर्षं हेच घोकत नोकरी केली, मला कुणी सांगितलं असतं तर!" त्यांचा आवाज जरासा भरून आला होता. तू त्यांना यावरून काही विचारू नकोस, पण तुला हे कळावं अशी त्यांची इच्छा आहे.

स्वामीजी निघाले तेव्हा हरिपदबाबूंनी मुरगावपर्यंतचं तिकीट काढून दिलं, त्यांना गाडीत बसवलं आणि तिथेच साष्टांग नमस्कार घातला. आयुष्यात कुणापुढे मनापासून वाकलो नव्हतो, असं स्वतःच लिहिलंय त्यांनी. अमेरिकेला धर्मपरिषदेला जायची इच्छा स्वामीजींनी त्यांच्यापाशी बोलून दाखवली होती. हरिपदबाबू म्हणाले, गावातून वर्गणी गोळा करतो. स्वामीजींनी नको म्हटलं. अकरा महिन्यांनी, ११ सप्टेंबर १८९३ ला, ते शिकागोत बोलायला उभे राहिले. बेळगावातल्या त्या वन अधिकाऱ्याला ती बातमी कधी आणि कशी कळली असेल, संध्याकाळपासून माझ्या डोक्यात तेच चाललंय.

स्वामीजींचा फोटोही बेळगावात काढलेला आहे. ते तयार नव्हते, हरिपदबाबूंनी गळ घातली. दिवाळीला येशील तेव्हा तुला बंगल्यात घेऊन जाईन, तुझ्या खात्याच्या माणसाचं घर तूही बघ. आणि बस्तीतल्या पाकळ्याही पुन्हा मोजू.

उद्या गल्लीतला मुलगा गदगला निघालाय, तो पुढे तुझ्या गावातून जाणार आहे. त्याच्याकडे दोन डबे देतेय. मोठ्यात तुझी शेंगाचटणी आणि लसणीची चटणी. छोट्यात कुंदा आहे, तो अज्जींना दे. आधी त्यांना विचार, गोड चालतं का. साखरेचा त्रास असेल तर लगेच फोन कर, मी त्यांच्यासाठी मेतकूट करून पाठवते. मेतकुटाला कन्नडमध्ये काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, तूच समजावून सांग.

तुझी,
आई