‘कोकण हाऊसफुल्ल’ छापता तेव्हा आमचं हेही छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 25 डिसेंबर जवळ आला की आपल्या पेपरात फोटो येतो, किनाऱ्यावर माणसंच माणसं आणि वर मथळा, कोकण हाऊसफुल्ल. बातमी खोटी नसते. मी दापोली तालुक्यात किनाऱ्याला लागून असलेल्या गावात राहते, चार खोल्यांचा घरगुती मुक्काम आणि खानावळ चालवते, आणि त्या आठ-दहा दिवसांत माझ्याही चारी खोल्या भरलेल्या असतात. पण मथळा वाचून मुंबई-पुण्याच्या माणसाला वाटतं की कोकणातल्या लोकांकडे आता नुसता पैसा वाहतोय, माझी पुण्याची मावसबहीण पण फोनवर हेच म्हणाली, मजा आहे बाई तुमची, आणि तेव्हापासून हे पत्र लिहायचं डोक्यात होतं. गर्दी गावात येते, पण त्या गर्दीचा पैसा गावात किती उतरतो हे कुणी विचारत नाही.

आधी आमचं वर्ष कसं असतं ते सांगते. जून ते सप्टेंबर पाऊस, पर्यटक जवळजवळ नाहीतच. 1 जून ते 31 जुलै सरकारी नियमानेच मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या. गणपतीत चाकरमानी येतात पण ते स्वतःच्या घरी येतात, आमच्या खोल्यांत नाही. मग दिवाळीची सुट्टी, मग नाताळ ते थर्टी फर्स्ट, अधेमधे एखादा जोडून आलेला शनिवार-रविवार, आणि एकदम मे महिना. म्हणजे खोल्यांचं कर्ज, वीजबिल, पोरांच्या फिया, हे सगळं बारा महिन्यांचं आणि कमाईचे दिवस हाताच्या बोटांवर. त्यात नाताळचे दहा दिवस सगळ्यात भरवशाचे, ते हुकले तर मेपर्यंत हात आखडून राहावं लागतं.

पूर्वी असं नव्हतं, पूर्वी बागा होत्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं ते श्रीवर्धन-दिवेआगर आणि आमच्या या पट्ट्याला दुपारच्या दोन-तीन तासांत आडवं करून गेलं. माझ्या सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी एकावर एक पडल्या होत्या, आगरात, म्हणजे आमच्या नारळ-सुपारीच्या बागेत, पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सासरे पडवीत बसून नुसते बघत होते, बोलले काहीच नाहीत. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, नारळालाही तेवढीच, म्हणजे वादळानंतर लावलेली झाडं आत्ता कुठे फळाला येतायत. मधली वर्षं लोकांनी कशावर काढली तर या पाहुण्यांवर. ज्यांच्याकडे पूर्वी कधी बाहेरचं माणूस जेवायला बसलं नव्हतं त्यांनी माजघरातली खोली रंगवून, संडास-बाथरूम बांधून पाहुणे घ्यायला सुरुवात केली. हौस म्हणून कुणी केलं नाही, म्हणून सीझन हा शब्द आमच्याकडे फार गंभीरपणे बोलला जातो.

आता पैसा कसा फिरतो ते बघा. समजा एक चौकोनी कुटुंब माझ्याकडे दोन रात्री राहिलं. त्यांच्यासाठी मी संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाला जाते. होड्या खोल पाण्यात उभ्या, मासळी बैलगाडीत घालून पाण्यातून किनाऱ्यावर आणतात, बैलांच्या पोटापर्यंत पाणी, आणि वाळूवर ढीग मांडला की बोली सुरू. मी थेट लिलावात उतरत नाही, माझी ठरलेली मावशी आहे, ती लिलावातून घेते आणि मला देते, सुरमई ताजी नसेल तर स्वतःच म्हणते आज नको गं, कोलंबी ने. तिचे चार पैसे सुटले. नारळ शेजारच्या आगरातला, तो पाडायला येणारा पाडेली वेगळा, दूध वाडीतल्याच घरातलं. घावणे आणि उकडीचे मोदक बचत गटातल्या दोघी येऊन करून देतात, माझ्या एकटीच्या हाताने वीस-पंचवीस माणसांचे मोदक होत नाहीत. पाहुण्यांना स्टँडवरून आणायला गावातलाच रिक्षावाला, सकाळी डॉल्फिन बघायला गावातल्याच पोराची होडी. आणि निघताना गाडीत कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, मिरगुंडं, हे सगळं आसपासच्या बायकांनी उन्हाळ्यात करून ठेवलेलं. एका कुटुंबाच्या दोन रात्री म्हणजे माझ्या वाडीतल्या सात-आठ घरांत थोडं थोडं काहीतरी पोचतं. मार्गशीर्षात गावात बऱ्याच घरांत मासे बंद असतात, मासळी घेणारं गावातलं गिऱ्हाईक कमी होतं, तेव्हा या पाहुण्यांमुळेच मावशीची टोपली रिकामी होते, ती तसं बोलूनही दाखवते.

आणि दुसरा प्रकार असा की शहरातल्या माणसाचा मोठा बंगला आहे, वर्षभर कुलूप, सीझनला ॲपवर भाड्याने, वीस-बावीस जणांचा ग्रुप येतो, येतानाच चिकन मॅरिनेट करून, बर्फ, पाण्याच्या बाटल्या, स्पीकर, सगळं घेऊन येतात, केटरर पण शहरातूनच. दोन दिवस राहून जातात. गावाला काय मिळतं तर कचरा. प्लास्टिकबंदी आपल्या राज्यात 2018 पासून आहे, पण 1 जानेवारीच्या सकाळी सुरूच्या बनात जाऊन बघा म्हणजे कळेल. तो उचलायला पंचायतीची माणसं किती, तर मोजकी, मग शाळेतली पोरं आणि बचत गटाच्या बायका जातात. बंगलेवाल्यांवर माझा राग नाही, त्यांनी पण पैसे घातलेत, पण तुमच्या ग्रुपचं एक वेळचं जेवण तरी गावात सांगा ना, नाश्ता सांगा, मासळी इथली घ्या, एवढंच मागणं आहे.

माझ्यावर गेल्या थर्टी फर्स्टला काय आलं ते पण लिहिते, कारण दरवर्षी कुणा ना कुणावर ते येतं. एका टूरवाल्याने महिनाभर आधी चारी खोल्या आणि चोवीस माणसांचं दोन दिवसांचं जेवण ठरवलं, ॲडव्हान्स थोडा पाठवला, बाकीचा आल्यावर देतो म्हणाला. ओळखीतून आलेलं काम म्हणून मी बाकीच्या सगळ्या फोनना नाही म्हटलं, त्यात पाच वर्षं न चुकता येणारं एक कुटुंब होतं. 30 तारखेला संध्याकाळी मासळी घेऊन झाली, मोदकाचं पीठ दळून आणलं, चोवीस नारळ सोलून ठेवले. 31 ला दुपारपर्यंत फोन लागतोय, लोकेशन पाठवा म्हणतात, आणि चार वाजता मेसेज आला, ग्रुपचा प्लॅन बदलला, सॉरी. त्यानंतर फोन बंद. त्या वेळेला खोल्या कुणाला देणार, ज्यांना यायचं ते आधीच कुठेतरी पोचलेले असतात. मासे अर्धे वाडीत वाटले, अर्ध्यांना मीठ लावलं. बचत गटाच्या दोघींना मी मजुरी पूर्ण दिली कारण त्यांनी दुसरं काम सोडलं होतं, पण मला कुणी दिली नाही. त्या रात्री बाहेर फटाके चालू होते आणि आम्ही घरातली चार माणसं पंगतीच्या पाटांकडे बघत बसलो होतो, हे मी कधी विसरणार नाही.

आता मी निम्मे पैसे आधी आल्याशिवाय खोली धरत नाही. काही जणांना ते आवडत नाही, एवढ्याशा घरगुती जागेला कसला ॲडव्हान्स म्हणतात. हॉटेलला, विमानाला आपण सगळे पैसे आधी भरतो आणि रद्द केलं तर कापूनही घेऊ देतो, मग घरगुती मुक्कामालाच वेगळा न्याय का? आणि ज्यांना माझा नंबर माहीत आहे ते सुद्धा ॲपवरून बुक करतात, त्यात माझे शेकड्याला पंधरा-वीस रुपये जातात. नवीन माणसाला जागा सापडायला ॲप उपयोगी आहे, ते मी नाकारत नाही, पण दुसऱ्यांदा येताना सरळ फोन करा. त्या पैशात माझ्या दोन गाद्या नवीन होतात.

आता वाळूवरच्या गाड्यांचं. थार, जिप्सी, साध्या गाड्या सुद्धा, रील काढायला सरळ किनाऱ्यावर उतरवतात. मनाईचा बोर्ड आहे, पोलीस पण सीझनला फिरतात, पण किनारा लांबलचक, कुठेकुठे उभे राहणार. आमच्याकडचे कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, थोडं मागेपुढे, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण. रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे जाते. शहरातल्या माणसाला हे माहीत नसतं, तो काल पाच वाजता वाळू कोरडी बघतो, आज गाडी ओल्या वाळूत घालतो आणि चाकं रुतली की पाणी काही थांबत नाही. मग रात्री ट्रॅक्टर नाहीतर जेसीबी शोधत फिरतात. एकदा आमच्या गावातल्या पोरांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून दोर बांधून एक गाडी काढली, आत लहान मूल होतं. गाडीवाल्याने आभार मानले, ते ठीक, पण दोर बांधणाऱ्या पोराचा हात सोलवटला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याला होडीवर जायचं होतं, त्याचा तो दिवस बुडाला. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूड-जंजिऱ्याला सहलीला आलेली पुण्याची कॉलेजची पोरं बुडाली ती बातमी आपणच छापली होती. समुद्र आमचा रोजचा आहे तरी आम्ही त्याला विचारून पाण्यात उतरतो.

आणि याच दिवसांत कासवं येतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. मी एकदाच बघितलंय, पहाटे कुणीतरी हाक मारली म्हणून गेले तर ती परत निघालेली, दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टरच्या चाकासारख्या खुणा, आणि डोळ्यांतून पाणी. ते मिठाचं पाणी असतं असं मग कुणीतरी सांगितलं, पण त्या वेळेला मला ते रडणंच वाटलं. तिथे थर्टी फर्स्टला हॅलोजन, फटाके, गाड्या असल्या तर ती पाण्यातूनच मागे फिरते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात कासवं वाचवायचं काम सुरू केलं, गावातली माणसं पहाटे फिरून अंडी सुरक्षित जागी हलवतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, आणि ती बघायला माणसं लांबून येतात. वेळासमधे पाहुणे गावकऱ्यांच्या घरात उतरतात, घरचंच जेवतात, आमच्या तालुक्यात आंजर्ल्याला पण कासव महोत्सव होतो. फेब्रुवारी-मार्चमधे, म्हणजे नाताळ आणि मे यांच्या मधल्या आमच्या अगदी सुक्या दिवसांत! डिसेंबरच्या एका रात्रीच्या दंग्यात जी अंडी तुडवली जातात त्याच्यावर आमचा मार्चचा धंदा उभा आहे, हे गावातल्या एटीव्ही, म्हणजे वाळूवर चालवायच्या छोट्या चारचाकी, आणि स्पीकर भाड्याने देणाऱ्या आमच्याच पोरांना पण मी सांगत असते. ते ऐकतात, पण म्हणतात काकू, मग आम्ही काय करू, हप्ते आहेत. त्यांचं पण खरं आहे. म्हणून ग्रामसभेत मी मागणी केली की वाळूच्या वर, रस्त्याच्या बाजूला सीझनपुरती जागा आखून द्या, तिथे शहाळीवाला, घोडागाडीवाला, बचत गटाचं दुकान, या पोरांच्या गाड्या, सगळे बसतील, पार्किंग पण तिथेच, आणि पार्किंगचे पैसे कचऱ्यावर खर्च करा. ठराव झालाय. जागा अजून आखलेली नाही. नाताळाच्या आत आखली तर बरं होईल, नंतर आखून काय उपयोग.

संपादक साहेब, आपल्याकडे एक विनंती आहे. थर्टी फर्स्टच्या आधीच्या आठवड्यात आपण पर्यटनाचं पान काढता, कुठे जावं, कुठे राहावं, रस्त्याची काय स्थिती. त्या पानावर एक छोटी चौकट द्या. त्यात 24 डिसेंबर ते 2 जानेवारी रोजच्या भरतीच्या वेळा छापा आणि खाली लिहा की गाडी वाळूवर नेऊ नका, कासवांचे दिवस आहेत, जेवण गावात सांगा आणि येणार नसाल तर दोन दिवस आधी फोन करा. भरतीच्या वेळा हर्णैच्या एका तांडेल काकांकडून, म्हणजे होडीच्या प्रमुखाकडून, मी लिहून आणते आणि 15 डिसेंबरच्या आत आपल्या कार्यालयात पाठवते, आपण त्या सरकारी तक्त्याशी ताडून घ्या.

आपली,
घरगुती खानावळ चालवणारी एक वाचक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी