धीरूबेन पटेल मुंबईच्याच होत्या, त्यांच्यावर एक पान द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

2026 हे गुजराती लेखिका धीरूबेन पटेल यांचं जन्मशताब्दी वर्ष. गुजराती पेपरांत त्यांच्याबद्दल भरभरून येईलच, पण मराठी पेपरनेही एक पान द्यावं असं मनापासून वाटतं म्हणून हे पत्र. 29 मे 1926 ला जन्म बडोद्याचा, पण वाढल्या आपल्या मुंबईत, सांताक्रूझला. पोदार शाळा, मग एल्फिन्स्टन कॉलेज, भवन्समधून इंग्रजीत एमए, आणि पुढे इंग्रजी साहित्य शिकवलं पण. वडील गोरधनभाई बॉम्बे क्रॉनिकलमध्ये पत्रकार, आई गंगाबेन स्वातंत्र्य चळवळीतल्या, म्हणजे घरात वातावरणच तसं.

इंग्रजी शिकवलं तरी लिहिलं मुख्यतः गुजरातीत, आणि काय काय लिहिलं! कथा, कादंबऱ्या, नाटकं, मुलांसाठी 'अंडेरी गंडेरी टीपरी टेन', टॉम सॉयरचा अनुवाद. साठच्या दशकात स्वतःचं कल्की प्रकाशन काढलं, मग 1966 ते 1975 'सुधा' या गुजराती नियतकालिकाचं संपादन केलं. मुंबईतल्या गुजराती लेखिकांची 'लेखिनी' ही संस्था त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली, म्हणजे स्वतः लिहून थांबल्या नाहीत, बाकीच्या बायकांनाही लिहायला बसवलं, आणि मला हे त्यांच्या पुरस्कारांपेक्षा मोठं वाटतं.

मराठी माणसाने त्यांचं काम न कळत पाहिलेलं असण्याची शक्यता खूप आहे. 1980 चा केतन मेहतांचा 'भवनी भवाई' हा सिनेमा आठवतो का? नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, आणि आपली स्मिता पाटील, आपला मोहन गोखले. त्याच्या मुळाशी धीरूबेनांचं लिखाण आहे. राजाला वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बांधायचीय, पाणी लागत नाही, मग बत्तीस लक्षणी माणसाचा बळी द्यायचं ठरतं, आणि तो निघतो अस्पृश्य वस्तीत वाढलेला जीवो. पण जीवो मुकाट मरायला तयार होत नाही हो, तो आधी अट घालतो की आमच्या लोकांच्या गळ्यातलं मडकं आणि मागे बांधलेला झाडू काढा, मगच. ज्याचा जीव घ्यायला निघालेत तोच राजाशी सौदा करतो. भवाई हा तिकडचा जुना लोकनाट्य प्रकार, आपल्या तमाशाशी नातं सांगणारा, त्याचा असा वापर बघून मी अक्षरशः हललो होतो. आंबेडकर आणि फुले वाचणाऱ्या मराठी वाचकाला ही गोष्ट परकी कशी वाटेल?

'आगंतुक' या कादंबरीला 2001 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. संन्यास घेतलेला ईशान परत आपल्या माणसांत येतो आणि मग घरच्यांनाच तो पाहुणा वाटायला लागतो, ह्याला ठेवायचं कुठे, करायचं काय. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुठल्याही मुंबईकराला ही अडचण सांगायची गरज नाही.

आणि त्यांच्या 'किचन पोएम्स' या इंग्रजी कविता तर उषा मेहतांनी मराठीत आणल्याही आहेत, पण मी ज्याला ज्याला विचारलं त्याला माहीतच नाही. मग अनुवाद करून उपयोग काय?

10 मार्च 2023 ला धीरूबेन अहमदाबादला वारल्या. एका शहरात राहून शेजारच्या भाषेतला इतका मोठा लेखक आपल्याला माहीत नसावा याचं मला खरंच वाईट वाटतं. तेव्हा विनंती अशी की रविवार पुरवणीत त्यांच्यावर एक सविस्तर लेख द्या, सोबत त्या मराठीतल्या दोन कविता परवानगी घेऊन छापा. आणि अनुवादकांची वानवा आहे हे कारण कुणी देऊ नये, बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत, गुजराती सहज वाचणारी. त्यांच्यातल्या कुणीतरी 'आगंतुक' थेट गुजरातीतून मराठीत आणायला घ्यावं, इंग्रजीवरून नको, आणि प्रकाशकांनी त्यांना चांगलं मानधन द्यावं.

आपला,
एक नियमित वाचक, मुंबई