आरोपपत्र झाले म्हणून काम संपत नाही

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या मोठ्या खटल्यांच्या बातम्यांत ‘आरोपपत्र दाखल झाल्याने विशेष सरकारी वकिलांचा तपास संपला’ असे वाक्य हमखास येते. गोंधळ भाषांतरापासूनच सुरू होतो. आपल्याकडचा विशेष सरकारी वकील तपास करत नाही. तपास पोलिसांचा, वकील फक्त खटला चालवतो. तिथला ‘स्पेशल कौन्सेल’ दोन्ही करतो. शिवाय तिथले आरोपपत्र ग्रँड ज्युरी मंजूर करते. तिच्यात 16 ते 23 नागरिक असतात आणि किमान 12 जणांची संमती लागते.

1999 च्या नियमावलीप्रमाणे या वकिलाला फेडरल जिल्हा सरकारी वकिलाचे सगळे अधिकार मिळतात, अपील लढवण्याचाही. मात्र कोणत्या प्रकरणापुरते, हे नेमणुकीचा आदेश ठरवतो. त्याबाहेरचे काही हाती लागले तर तिथल्या न्याय विभागाच्या प्रमुखाची, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरलची मंजुरी घ्यावी लागते. याला एक अपवाद आहे: त्याच्याच तपासात कोणी खोटी साक्ष दिली, पुरावा नष्ट केला किंवा साक्षीदारावर दबाव आणला, तर वेगळी परवानगी लागत नाही. डोनाल्ड ट्रम्प यांच्या 2016 च्या प्रचाराचा एकेकाळचा प्रमुख पॉल मॅनाफोर्टवर ऑक्टोबर 2017 मध्ये आरोप ठेवले गेले. त्यानंतर त्याने साक्षीदारांशी संपर्क साधल्याचे उघड झाले, तेव्हा त्या प्रकरणाचे स्पेशल कौन्सेल रॉबर्ट म्युलर यांनी जून 2018 मध्ये सुधारित आरोपपत्रात तेही कलम घातले. न्यायालयाने त्याची तुरुंगाबाहेर राहण्याची सवलत काढून घेतली.

खरी मर्यादा वेगळीच आहे, आणि बातम्यांत ती जवळजवळ कधीच येत नाही. एकदा आरोप ठेवले की त्याच खटल्याची तयारी करण्यासाठी ग्रँड ज्युरी वापरता येत नाही. नवे आरोपी किंवा नवे गुन्हे शोधण्यासाठी ती बोलावता येते, पण दाखल खटल्यातल्या फटी बुजवण्यासाठी नाही. असे केल्याचे सिद्ध झाले तर त्या मार्गाने मिळालेला पुरावा धोक्यात येतो.

मग पुरावा हवा असेल तर? त्याचे उत्तर वॉटरगेटमध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या घोटाळ्याच्या खटल्यात आहे. 1 मार्च 1974 रोजी निक्सन यांच्या सात सहकाऱ्यांवर आरोप ठेवले गेले. पुढच्या महिन्यात त्या प्रकरणाचे विशेष अभियोक्ता लिऑन जॉवर्स्की यांनी फौजदारी नियम 17 (क) खाली, म्हणजे खटल्यासाठीच्या समन्सने, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याकडून 64 संभाषणांच्या ध्वनिफिती मागवल्या. या समन्सची कसोटी कडक असते: मागितलेली वस्तू नेमकी सांगावी लागते, ती खटल्याशी संबंधित आणि पुरावा म्हणून ग्राह्य असावी लागते. ‘बघू काय सापडते ते’ इथे चालत नाही. हा सरकारच्या अंतर्गत वाद आहे, न्यायालयाने पडू नये, असा निक्सन यांचा युक्तिवाद होता. जॉवर्स्की यांना अधिकार देणारा नियम रद्द केलेला नाही तोवर तो सरकारवरही बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 24 जुलैला 8-0 ने सांगितले.

‘तोवर’ या शब्दात पुष्कळ काही आहे. आजच्या नियमांत गैरवर्तन, कर्तव्यात कसूर, हितसंबंधांचा संघर्ष अशा सबळ कारणासाठी या वकिलाला काढता येते. पण ते फक्त अ‍ॅटर्नी जनरलने स्वतः आणि लेखी कारण देऊन. नेमणुकीतच खोट निघाली तर मात्र आरोपपत्रच कोसळते. स्पेशल कौन्सेल जॅक स्मिथ यांनी ट्रम्प यांच्यावर भरलेला फ्लोरिडातला गोपनीय कागदपत्रांचा खटला जुलै 2024 मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी याच मुद्द्यावर फेटाळला. ट्रम्प यांच्यावरच्याच वॉशिंग्टनमधल्या दुसऱ्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांच्या अधिकृत कृतींना खटल्यापासून संरक्षण दिल्यावर, स्मिथ यांनी नव्या ग्रँड ज्युरीकडून 45 पानांचे आरोपपत्र 36 पानांवर आणून घेतले. आरोप चारच राहिले. 2024 च्या निवडणुकीत ट्रम्प जिंकल्यानंतर तो खटला मागे घ्यायचा तर तेही परस्पर करता आले नाही. अर्ज करून न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागली.

तेव्हा निदान ‘विशेष सरकारी वकील’ऐवजी ‘विशेष अभियोक्ता’ छापावे, आणि ‘तपास संपला’ लिहिण्याआधी नेमणुकीचा आदेश एकदा वाचावा, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक