नवव्या खेळाडूची मिनिटे

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या बास्केटबॉल संघात कोणी किती मिनिटे खेळायचे, याचा कच्चा तक्ता आता तू करून द्यायचा, असे मुख्य प्रशिक्षकांनी सांगितल्याचे वाचून समाधान वाटले. पसंतीक्रमात नवव्या येणाऱ्या खेळाडूला किती वेळ द्यावा, असे तू विचारले आहेस. त्याआधी तो वेळ कोणाच्या वाट्यातून काढायचा, हे ठरवायला हवे. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सामना ४८ मिनिटांचा आणि मैदानावर एका वेळी संघाचे पाच जण, म्हणजे वाटायला २४० मिनिटे असतात. सामना बरोबरीत सुटून जादा वेळ मिळाला नाही, तर त्यांत एकाचीही भर पडत नाही. पंधरा जणांना प्रत्येकी सोळा मिनिटे ही वाटणी न्याय्य दिसेल, परंतु त्यात लय सापडण्याआधीच खेळाडूला बाहेर यावे लागते आणि कोणत्याही पाच जणांना एकमेकांच्या सवयी कळण्याइतका सहवास मिळत नाही. म्हणून बहुतेक प्रशिक्षक नऊ-दहा जणांवर थांबतात आणि बाद फेरीत आणखी हात आखडता घेतात.

तक्ता भरताना गुणवत्तेप्रमाणे नावे लावून वरून खाली मिनिटे वाटत जाऊ नकोस. आधी प्रत्येक क्षणी चेंडू कोणाच्या हाती असेल, ते ठरव. चेंडू हाताळणारे दोन उत्तम खेळाडू असतील, तर ते दोघे एकाच वेळी बाहेर बसता कामा नयेत. एकाला पहिल्या क्वार्टरच्या (सामन्याच्या चार भागांपैकी पहिल्याच्या) मध्यावरच बाहेर घेतले, की दुसऱ्या क्वार्टरच्या आरंभी, राखीव खेळाडू मैदानात असताना, तो दम खाऊन त्यांच्या सोबतीला उतरू शकतो. या जोडीची वेळ ठरली, की रिबाउंड, म्हणजे फटका हुकून परत आलेला चेंडू, कोण घेणार आणि समोरच्या सर्वांत धोकादायक खेळाडूला कोण अडवणार, या क्रमाने उरलेल्या जागा भर.

सुरुवातीच्या पाच जणांत नाव असण्याला खेळाडू आणि वर्तमानपत्रे फार महत्त्व देतात. माझ्या मते शेवटची पाच मिनिटे कोण खेळतो, यावरून प्रशिक्षकाचा विश्वास अधिक खरा कळतो. २०१५च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्स क्लीव्हलँडविरुद्ध १-२ असे मागे असताना त्यांचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, अँड्र्यू बोगटऐवजी आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून उतरवले. हा खेळाडू त्या मोसमात तोवर प्रत्येक सामन्यात राखीव म्हणूनच आला होता. उंच सेंटर नसलेला तो संघ आरंभीच ०-७ ने मागे पडला, तरी कर यांनी तो डाव गुंडाळला नाही; सामना १०३-८२ असा जिंकला, पुढचे दोन्हीही जिंकले आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान इग्वोडालालाच मिळाला. मोसमभर राखीव बसण्यात त्याने कमीपणा मानला नव्हता, म्हणून हे जमले, असे मला वाटते.

त्याच्या आदल्या मोसमात सॅन अँटोनियो स्पर्सच्या एकाही खेळाडूची साखळी सामन्यांतील सरासरी ३० मिनिटांपर्यंत पोहोचली नव्हती, तरीही त्यांनी ६२ सामने जिंकले आणि पुढे विजेतेपदही मिळवले. अर्थात त्यांचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्याजवळ एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारे खेळाडू होते. तुमच्या नव्या संघात ती वाटणी जशीच्या तशी उचलणे धाडसाचे ठरेल.

आकड्यांविषयीही थोडे लिहिते. प्लस-मायनसचा, म्हणजे खेळाडू मैदानावर असताना आपल्या आणि समोरच्या संघाने केलेल्या गुणांतील फरकाचा, रकाना पाहून एका सामन्यावरून कोणाची मिनिटे कापू नकोस. मैदानावर असताना समोरच्या संघाचे चार दूरचे फटके बास्केटमध्ये गेले, तर त्याची उणे नोंद अशा खेळाडूच्याही नावावर लागते, ज्याने स्वतःचा माणूस एकदाही मोकळा सोडलेला नसतो. पाच जणांच्या एखाद्या विशिष्ट संचाची एकत्र मिनिटे तर इतकी थोडी असतात, की महिनाभराच्या नोंदीही सांभाळूनच वाचाव्यात.

पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले, की खेळाडूला मध्यंतरापर्यंत बसवायचे, ही रीत मला कधीच पटली नाही. सहाव्या फाउलने तो बाद होईल, या भीतीपोटी त्याची खेळता आली असती अशी मिनिटे आपणच आधी वाया घालवतो. रागाच्या भरात आणखी फाउल करणाऱ्याला जरूर बसवावे. संयमी खेळाडूला मात्र खेळू द्यावे.

आता तुझा नववा खेळाडू. दुसऱ्या क्वार्टरची पहिली चार आणि चौथ्याची पहिली तीन मिनिटे त्याला दे, आणि निदान पाच-सहा सामने ती वेळ बदलू नकोस, म्हणजे केव्हा अंग गरम करायला उठायचे, हे त्याला न सांगता कळेल. ही सात मिनिटे तुझ्या सहाव्या आणि सातव्या खेळाडूंकडून जातील. मुख्य प्रशिक्षकांची संमती मिळाली, की त्या दोघांना तक्ता हाती पडण्याआधी स्वतंत्रपणे बोलावून कारणासह सांग. सामन्याच्या दिवशी नव्हे, आदल्या दिवशीच्या सरावानंतर.

तुझी,
आई