फोर बाय फोरचा दांडा कधी टाकायचा हे पण शिकवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात शेतीच्या पानावर औषधं, खतं, बाजारभाव सगळं येतं, ते आम्ही रोज वाचतो, पण आज एका वेगळ्या विषयावर लिहितोय. आमच्या तासगाव भागात आता बऱ्याच द्राक्षबागायतदारांच्या दारात छोटा ट्रॅक्टर उभा आहे, 20 ते 30 एचपीचा, आणि नवीन घेणारे बहुतेक जण फोर बाय फोरच, म्हणजे चारी चाकांना ताकद जाणारा, घेतात. त्याला कारण पण तसंच आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की नेमका परतीचा पाऊस येतो, डाऊनी रोगाची भीती असते, फवारणी एक दिवस पण पुढं ढकलता येत नाही आणि बागेत तर गुडघाभर नाही पण घोट्याएवढा चिखल असतोच. त्यात मागं 600 लिटरचा फवारणीचा ब्लोअर म्हणजे नुसत्या पाण्याचंच 600 किलो वजन. फक्त मागची दोन चाकं ओढणारा टू व्हीलवाला ट्रॅक्टर अशा वेळी ओळीतच अडकतो म्हणून लोक वरचे पैसे मोजून फोर बाय फोर घेतात, ते बरोबरच आहे.

पण हे पैसे मोजल्यावर ते वापरायचं कसं हे कोण सांगतं? आम्ही ट्रॅक्टर घेतला तेव्हा शोरूमला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले, किल्ली हातात दिली आणि फोर व्हीलच्या दांड्याबद्दल एकच वाक्य सांगितलं, हा टाकला की चारी चाकं ओढतात. बस. कधी काढायचा ते कोणी बोललंच नाही. आणि खरा खर्च तिथंच आहे.

बागेतनं बाहेर आला, दांडा तसाच, आणि ट्रॅक्टर डांबरी रोडनं थेट गावात, हे चित्र आमच्याकडं रोज दिसतं. आता या छोट्या ट्रॅक्टरमध्ये दांडा टाकला की पुढचा आणि मागचा एक्सल सरळ गियरनं एकमेकाला जोडला जातो, मध्ये दोन्हीला वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. त्यात पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त पळतील असंच कंपनीनं ठेवलेलं असतं, साधारण 1 ते 5 टक्के, म्हणजे चिखलात पुढची चाकं ट्रॅक्टरला ओढून काढतात. चिखलात चाक थोडं घसरतं म्हणून हा फरक खपून जातो. डांबरावर चाक घसरायला जागाच नाही, मग सगळा ताण गियरवर, शाफ्टवर आणि टायरवर येतो, वळताना तर अजून जास्त कारण पुढच्या चाकाला मोठा वळसा पडतो. स्टिअरिंग जड होतं, डिझेल जास्त लागतं आणि पुढच्या टायरची नक्षी बघता बघता गुळगुळीत होते. मग लोक म्हणतात टायरच बोगस दिला.

आणि मग दांडा निघतच नाही. लोक काय करतात तर बुटानं लाथ मारतात, पाईप लावून दाबतात, आणि आतला गियर सरकवणारा फोर्क नाहीतर जोडणी वाकते. अहो तो ताणामुळं अडकलेला असतो, स्टिअरिंग सरळ करून ट्रॅक्टर थोडा रिव्हर्स घ्या, ताण सुटला की क्लच दाबून दांडा हातानं निघतो. टाकताना पण तसंच, ट्रॅक्टर थांबवून क्लच पूर्ण दाबायचा, चाकं सरळ ठेवायची आणि मग टाकायचा. नाहीच बसला तर क्लच हलका सोडून ट्रॅक्टर इंचभर पुढं घ्यायचा आणि परत बघायचं. मागची चाकं जागेवर गरागरा फिरत असताना तर दांड्याला हातच लावायचा नाही, कडकन गियरचे दात जातात. खरं तर चिखल दिसला की आत शिरायच्या आधीच टाकायचा, पोटापर्यंत रुतल्यावर टाकून काय उपयोग.

एक गोष्ट मात्र उलटी आहे आणि ती जिवाशी संबंधित आहे म्हणून मुद्दाम लिहितो. या ट्रॅक्टरना ब्रेक सहसा मागच्या चाकांनाच असतात. उतारावर वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या मातीत ब्रेक दाबला तरी ट्रॅक्टर घसरतच जातो. दांडा टाकलेला असला की तोच ब्रेक शाफ्टमधनं पुढच्या चाकांना पण लागतो. म्हणून भरलेला ब्लोअर घेऊन बांधावरनं किंवा चढाच्या रानातनं खाली येताना फोर बाय फोर टाकूनच, खालच्या गियरमध्ये, सावकाश उतरायचं. कोकणात आंब्याच्या बागा तर उतारावरच असतात, तिथल्या लोकांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

अजून एक, पुढच्या एक्सलचं तेल वेगळं असतं, इंजिन ऑइल बदललं म्हणजे झालं असं नाही. बागेतली सुतळी, ड्रिपच्या नळीचे तुकडे पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला गुंडाळतात आणि तेल अडवणारं सील कापतात, मग पाणी आत जाऊन तेल दुधासारखं पांढरं होतं. फवारणी झाल्यावर ट्रॅक्टर धुताना तिथं एकदा हात घालून बघायला किती वेळ लागतो?

आणि टायर बदलताना पुढं मिळेल ती साईज टाकू नका, पुढच्या मागच्या टायरचं गणित कंपनीनं जुळवलेलं असतं, ते चुकलं की चिखलात पण ताण येतो.

माझी मागणी एवढीच आहे की ट्रॅक्टर देताना शोरूमवाल्यांनी फक्त पूजा न करता अर्धा तास रानात नेऊन, जो चालवणार आहे त्याच्याच हातानं दांडा टाकून आणि काढून दाखवावा, मालकाला नाही तर ड्रायव्हरला. यांत्रिकीकरण योजनेत अनुदान देताना कृषी विभागानं पण ही अट घालावी. कृषी विज्ञान केंद्रांनी छाटणीच्या आधी गावात एक दिवस याचं प्रात्यक्षिक ठेवावं. आणि तुम्ही शेतीच्या पानावर दांड्याचा फोटो टाकून ही माहिती ऑक्टोबरच्या आधी छापावी, म्हणजे यंदाच्या फवारणीला उपयोगी पडेल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. तासगाव, जि. सांगली