‘अंतिम निर्णयाच्या अधीन’ राहिलेले प्रवेश

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठा आरक्षणाच्या वैधतेवरील सुनावणीच्या बातमीत शेवटी एक ओळ हमखास असते: दरम्यानच्या काळातील प्रवेश न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहतील. वाचणारा ती ओळ ओलांडून पुढच्या बातमीकडे वळतो. अभियांत्रिकी प्रवेशाच्या सुविधा केंद्रात कागदपत्रे तपासण्याच्या टेबलावर अनेक पावसाळे काढल्यामुळे मला मात्र ती सहज ओलांडता येत नाही, कारण तिच्याखाली सह्या कोणाच्या असतात हे मी पाहिले आहे.

आरक्षणाविरुद्ध कोणी न्यायालयात जावे यात गैर काही नाही. १९५१ साली चंपकम दोराईराजन यांनी मद्रास राज्याच्या जातवार जागावाटपाला आव्हान दिले, तेव्हा त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्जसुद्धा केलेला नव्हता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने, मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करू देणारे कलम १५(४) आणले गेले. २००५ साली आपल्याच राज्यातून गेलेल्या इनामदार खटल्यात विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांवर सरकारला आरक्षण लादता येत नाही असे ठरले आणि त्यानंतर तेथेही ते ठेवू देणारे कलम १५(५) आले. मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांच्या प्रवेशाला आज जो घटनात्मक आधार आहे, तो सरकारे खटले हरल्यामुळेच भक्कम झाला, ही गोष्ट याचिकाकर्त्यांना शिव्याशाप देणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवी. माझी तक्रार वेगळी आहे. खटल्याच्या तारखा आणि प्रवेशफेऱ्यांच्या तारखा यांचा आपल्याकडे काडीचा मेळ नाही आणि त्याचा भुर्दंड सतरा-अठरा वर्षांच्या मुलांवर पडतो.

२०१९ चे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश आठवावेत. मराठा समाजाला आरक्षण देणारा राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) कायदा ३० नोव्हेंबर २०१८ रोजी अमलात आला आणि त्यातच कलम १६(२) मध्ये स्वच्छ लिहिले होते की, जी प्रवेशप्रक्रिया आधीच सुरू झाली आहे तिला हा कायदा लागू होणार नाही. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची प्रक्रिया त्याआधीच सुरू झालेली होती. तरी त्या जागांवर १६ टक्के आरक्षण लावले गेले, मुलांनी प्रवेश घेतले आणि २ मे २०१९ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सरकारला सरकारचेच कलम वाचून दाखवले. सर्वोच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. प्रवेश मिळालेले डॉक्टर आझाद मैदानावर बसले, मे महिन्यातच सरकारने अध्यादेश काढून तेच कलम बदलले आणि मग खुल्या प्रवर्गातील विद्यार्थी त्या अध्यादेशाविरुद्ध न्यायालयात गेले. अध्यादेश टिकला. परंतु त्याच वर्षी, त्याच अभ्यासक्रमाला लावलेले आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने ३० मे रोजी थांबवले, कारण प्रक्रिया सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत आणि जागाही वाढवलेल्या नव्हत्या. एकाच यादीतील दोन मुलांना एकाच हंगामात दोन उलट उत्तरे मिळाली. यात न्यायालयाला दोष देण्याआधी, स्वतः लिहिलेले कलम पाच महिनेही न पाळणाऱ्या सरकारला जाब विचारला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढच्या वर्षी याहून वाईट झाले. ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने प्रकरण घटनापीठाकडे सोपवताना त्या वर्षीच्या प्रवेशांसाठी आरक्षणाला स्थगिती दिली. अकरावीची पहिली यादी लागून गेली होती, दुसरी तोंडावर आली होती. ऑनलाइन प्रवेश जे थांबले ते नोव्हेंबरच्या अखेरीस हलले आणि एसईबीसीतून अर्ज केलेली मुले खुल्या प्रवर्गात ढकलली गेली. आमच्या टेबलासमोर जत तालुक्यातील एक गृहस्थ मुलीला घेऊन बसले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत एसईबीसीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणीची पावती असे सारे नीट लावून आणलेले. दाखल्यासाठी तहसीलला किती खेपा घातल्या याचा हिशेब त्यांनी मांडला नाही. ‘सर, हा कागद आता जपून ठेवायचा की टाकायचा?’ एवढेच विचारले. मी ‘ठेवा’ म्हणालो. दुसरे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने या मुलांना ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा लाभ घेण्याची मुभा दिली, म्हणजे पुन्हा तहसील आणि पुन्हा रांग. गंमत अशी की, ते ईडब्ल्यूएस आरक्षणही तेव्हा घटनापीठाच्या निर्णयाची वाट पाहत होते. ते वैध ठरले ७ नोव्हेंबर २०२२ रोजी, तीन विरुद्ध दोन अशा मताने. तोवर त्या मुलीची पदवीची निम्मी वर्षे सरली असतील. एका खटल्यातून वाट काढण्यासाठी घेतलेला दाखला दुसऱ्या खटल्याच्या अधीन होता, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

५ मे २०२१ रोजी घटनापीठाने २०१८ चा कायदा रद्द केला, पण ९ सप्टेंबर २०२० पूर्वी झालेल्या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांना धक्का लावला नाही. हे योग्यच झाले. मात्र हे संरक्षण शेवटी दिलेल्या दिलाशासारखे आले; प्रवेश घेताना त्याची खात्री कोणालाच नव्हती.

मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणाऱ्या २०२४ च्या कायद्यानंतर हाच खेळ पुन्हा मांडला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे कित्येक दिवस युक्तिवाद झाले, जानेवारी २०२५ मध्ये मुख्य न्यायमूर्तींची दिल्लीला बदली झाली आणि अर्धवट ऐकलेले प्रकरण तसेच पडून राहिले. अखेर ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिलेले विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे महिन्यात तेथून आदेश आल्यावर नवे पीठ नेमले गेले. न्यायाधीशांची बदली ही प्रशासकीय बाब आहे हे मान्य. परंतु तिच्यामुळे वाया जाणारे महिने प्रवेशाच्या वर्षातूनच वजा होतात.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशधोरणाविरुद्धचा खटला २०१४ मध्ये दाखल झाला आणि त्याचा अंतिम निकाल २९ जून २०२३ रोजी लागला. साडेआठ वर्षे म्हणजे आपल्यालाही लाजवणारा वेग. निकालाने वंशाधारित प्राधान्य संपवले. तो चूक की बरोबर, यावर तिकडे कडाक्याचा वाद आहे. पण त्या वर्षांत एकाही फेरीच्या मधोमध नियम फिरला नाही, आणि निकाल आला तेव्हा त्या हंगामाचे प्रवेश उरकले होते. बदल लागू झाला तो पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांना. एवढे आपल्याला अशक्य असावे असे वाटत नाही.

आरक्षणाच्या कोणत्याही नव्या तरतुदीचा अंमल, ती मराठ्यांची असो वा आणखी कोणाची, ज्या प्रवेश परीक्षेची अधिसूचना अद्याप निघालेली नाही तिच्यापासूनच व्हावा आणि अध्यादेश काढून ती अट मागे घेण्याची सोय कायद्यातच ठेवू नये. स्थगितीचा अर्ज असेल तर पहिल्या गुणवत्ता यादीआधी त्याचा निकाल व्हावा. यादी लागल्यावर निदान त्या वर्षापुरते जैसे थे राहावे. आणि ज्यांनी त्या वेळी लागू असलेल्या कायद्याने प्रवेश घेतला, त्यांचा प्रवेश निकाल काहीही लागला तरी अबाधित राहील, हे माहितीपुस्तिकेत आधीच छापावे. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यालाही याचा फायदाच आहे, कारण आपल्याला किती जागा उपलब्ध आहेत हे त्याला पर्याय भरण्याआधी कळेल.

यातले काहीच जमणार नसेल, तर एक साधी सूचना करतो. प्रवेश रद्द झाल्यास आपली कोणतीही तक्रार राहणार नाही, असे हमीपत्र सध्या विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून लिहून घेतले जाते. त्याच कागदावर खाली आणखी एक रकाना ठेवावा आणि प्रवेश रद्द झाल्यास त्या विद्यार्थ्याची सोय शासन कोठे करील, हे लिहून तेथे सक्षम अधिकाऱ्याने सही व शिक्का करावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक, सांगली